मदत हवी आहे : 'सेम्पर ऑगस्टस' आणि ट्यूलिपचा सट्टा

नमस्कार मंडळी. मी नेदरलँड्समध्ये राहते. इथल्या मराठी मंडळात १६३७ च्या ट्यूलिप सट्ट्यावर पंधरा मिनिटं बोलायचं कबूल करून बसलेय.

'सेम्पर ऑगस्टस' या ट्यूलिपच्या जातीचं जुनं चित्र समोर आहे. पांढऱ्या पाकळ्या, त्यावर देठाकडून वर चढणाऱ्या लालभडक ज्वाळा. हे सौंदर्य म्हणजे मुळात रोग! मावा या किडीमुळे पसरणारा विषाणू. त्यानं कंद अशक्त होतो, पिल्लं कमी धरतो, म्हणून माल कायम दुर्मीळ. एका कंदाला दहा हजार गिल्डरपर्यंत (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच नाणं) भाव सांगितला गेला, म्हणे. आज ही जात शिल्लक नाही.

अडलंय ते पुढे. हिवाळ्यात कंद जमिनीत, आणि इथल्या हार्लेम शहरातल्या खानावळींत नुसत्या कागदावर सौदे. डच लोक त्याला 'विंडहांडेल' म्हणत, शब्दशः वाऱ्याचा व्यापार. मराठीत काय म्हणू? 'वायदेबाजार' फारच सभ्य वाटतो, 'सट्टा' म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं. बाजारात 'हवेतले सौदे' असं कुणी म्हणतं का?

दुसरं, फेब्रुवारी १६३७ मध्ये भाव कोसळल्यावर अख्खा देश बुडाला, ही गोष्ट अलीकडचे अभ्यासक मानत नाहीत. मग पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकांचं नेमकं काय झालं? कोर्टकचेरीबद्दल वाचलेलं कुणी सांगेल का?

आणि लिमेनच्या 'होर्टस बुल्बोरम' बागेत कुणी गेलंय? १६२० ची 'झोमरस्खोन' ही ट्यूलिपची जात तिथे बघायचीय. एप्रिलचा कुठला आठवडा बरा?