सोसायटी ग्रुप: ४१३२१७४१३२१७ ला ७ ने भाग जातो का?

ब-२०४ वहिनी: सर, नमस्कार. आमच्या पोराने पिनकोडातले ४१३ आणि एसटीडीचे २१७ जोडून दोनदा लिहिलेत, ४१३२१७४१३२१७. याला ७ ने भाग जातो का म्हणून सकाळपासून मागे लागलाय. मोबाइल नको, हाताने सांगा म्हणतो.

क-३०१ काका: अंकांची बेरीज करा की. ३६ आली, म्हणजे ९ ने जातो.

ब-२०४ वहिनी: काका, तो ७ विचारतोय.

अ-१०२ सर: काकांचं ९ राहू द्या, पुढं लागेल. ७ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एक आड एक अधिक-वजा करा.
२१७ − ४१३ + २१७ − ४१३ = −३९२
३९२ म्हणजे ७ × ५६. वजा चिन्हाने बिघडत नाही. भाग जातो.

क-३०१ काका: पण असं का?

अ-१०२ सर: १००१ = ७ × ११ × १३, सगळी किल्ली इथं आहे. १००० हा १००१ ला एक कमी, म्हणून या तिघांच्या हिशेबात १००० म्हणजे वजा १ आणि दहा लाख म्हणजे परत अधिक १. त्याच ३९२ वरून कळतं की ११ आणि १३ ने भाग जात नाही.

ब-१०३ दादा: १३ म्हणजे आपल्या गाड्यांचा एमएच १३. तोच जात नाही होय?

अ-१०२ सर: ४१३४१३ लिहा, जाईल. कुठलेही तीन अंक दोनदा लिहिले की झाली ती संख्या गुणिले १००१.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो. पाणी उद्या पहाटे येणार आहे, टाक्या बघून ठेवा. चालू द्या.

ब-२०४ वहिनी: पोरगा म्हणतो, मग सहा अंक दोनदा लिहिले तर?

अ-१०२ सर: शाब्बास! हाच प्रश्न हवा होता. ४१३२१७ गुणिले १०००००१, आणि १०००००१ = १०१ × ९९०१, दोन्ही मूळ संख्या. आता काकांचं ९ आणा. ४१३२१७ ला ९ ने भागलं की ४५९१३, मग ७ ने ६५५९, परत ७ ने ९३७. इथं थांबायचं. म्हणजे पूर्ण संख्या ३ × ३ × ७ × ७ × ९३७ × १०१ × ९९०१.

क-३०१ काका: ९३७ मूळ कशावरून?

अ-१०२ सर: ३१ चा वर्ग ९६१, म्हणून २९ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघायच्या. १३ ने अगदी जवळ जातो, ९३६, पण १ उरतो. बाकी कुणानेच नाही.

ब-१०३ दादा: ही फुटली कारण साचा दिसत होता. इंटरनेटवर माहिती गुप्त ठेवायच्या आरएसए नावाच्या कुलुपात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो, ६१७ अंकी सुद्धा. २०२० मध्ये २५० अंकी एक फोडली, तर तिला कितीतरी संगणक लावावे लागले.

ब-२०४ वहिनी: सर, त्याने विभाजक मोजले. ३ × ३ × २ × २ × २ = ७२. बरोबर आहे का?

अ-१०२ सर: बरोबर! घातांकात एक मिळवून गुणायचं हे त्याला कुणी शिकवलं? संध्याकाळी वही घेऊन पाठवा त्याला वर.