कधीच न भरणारी टाकी (आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरून, लातूर)

सोमवार, रात्री

प्लॉट १७ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. खालच्या संडासातून पाणी वापस यायलंय. मागच्या महिन्यात गाडी बोलावून सेफ्टी टँक उपसली, पंधरा दिवसांत परत तेच. हे म्हणायलेत, नवीनच बांधून टाकू. कुणाच्या ओळखीचा भरवशाचा गुत्तेदार आहे का?

प्लॉट ४ भैय्या: आपला माणूस आहे ना वहिनी. खोदाईसकट सगळ्यांत कमी रेट, तीन दिवसांत काम मोकळं. आणि त्यानं बांधलेली टाकी कधी भरतच नाही, गॅरंटी 👍

प्लॉट २२ काका: भैय्या, "कधी भरत नाही" म्हणणाऱ्याला मी एकदा पैसे मोजून बसलोय. भरत नव्हती, कारण त्यानं तळच केला नव्हता. चार भिंती, वर स्लॅब, खाली नुसता मुरूम. मैला सरळ जमिनीत. सात वर्षं मीच कौतुकानं सांगत फिरलो की आमची टाकी एकदाही उपसावी लागली नाही. मग एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी तांब्यात घेतलं तर बुडाला काळपट गाळ, आणि वास असा की जनावरानं तोंड लावलं नसतं. टाकी आणि बोअरमध्ये अंतर किती, तर अठ्ठावीस फूट.

प्लॉट ४ भैय्या: काका, सगळेच तसं बांधतात की.

प्लॉट २२ काका: बांधतात, म्हणून तर बोलतोय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे आपलं. इथं बोअर नासवून घ्यायचा?

प्लॉट ९ सर: वहिनी, नवीन बांधायची घाई करू नका. उपसलेली टाकी पंधरा दिवसांत भरली म्हणजे ती मैल्यानं भरली नाही, पाण्यानं भरली. आपल्याकडं काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी पीतच नाही. टाकीतून निघालेलं पाणी शोषखड्ड्यात मुरलं नाही की उलटं फिरतं. टाकीला तडा असेल तर बाहेरचं पाणीही आत येतं. आधी एक करा. फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाका, अर्धा तास कुणी फ्लश ओढू नका. भांड्यात निळं उतरलं तर फ्लश गळतोय, दिवसरात्र पाणी मैल्याच्या टाकीत चाललंय.

प्लॉट ३१ ताई: आम्ही तर महिन्याला ॲसिडची बाटली ओततो. वास येत नाही.

प्लॉट ९ सर: ताई, मैला कुजवणारे जिवाणूच मरतात त्यानं. मग नुसता गाळ साठत जातो.

प्लॉट ४ भैय्या: माझा माणूस म्हणतोय, एक पोरगं आत उतरवून तडा बघतो. पाचशे रुपये जास्तीचे.

सेक्रेटरी: भैय्या, हे या कॉलनीत होणार नाही. आत मिथेन, हायड्रोजन सल्फाइडसारखे जीवघेणे वायू. एक माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनं न देता माणूस उतरवून टाकी साफ करून घेणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळेला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्यायचे, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय. असं सुचवणारा माणूस मला तरी नको.

मंगळवार, सकाळी

प्लॉट १७ वहिनी: भांडं पूर्ण निळं 🙈 फ्लशचा वायसर गेलाय. पण सर, वायसर बदलला तरी शोषखड्ड्याचं काय? झाकण उघडून लांबूनच बघितलं, काठोकाठ पाणी.

प्लॉट २२ काका: मग गुत्तेदार बोलवा, पण दोघांना. आणि रेट नका विचारू आधी, त्याला बोलू द्या. घरात माणसं किती, बोअर कुठंय, आंघोळीचं पाणी कुठं जातं, हे तो आपणहून विचारतो का बघा. माझ्यावाल्यानं फक्त "जेसीबी आत येईल का" एवढंच विचारलं होतं.

प्लॉट ९ सर: आणि त्याचं तीन-चार वर्षांपूर्वीचं काम बघा, काल झालेलं नको. त्या घरच्या बाईला विचारा, पावसाळ्यात काय होतं. नवीन टाकी कुठलीही चांगलीच दिसते. आयएस २४७० या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब सांगितलाय, म्हणजे साठ फूट. टाकीची आतली रुंदी ७५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, पाण्याची खोली निदान १ मीटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) हवाच, नाहीतर वरची साय थेट शोषखड्ड्यात जाऊन तो बुजतो. हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. "बांधून देतो" एवढं लिहिलेला कागद काही कामाचा नाही.

प्लॉट २२ काका: शेवटचा हप्ता हातात ठेवा. नवीन टाकी असेल तर स्लॅबच्या आधी पाणी भरायचं, खडूनं खूण करायची, दुसऱ्या दिवशी बघायचं. खूण दाखवायला कुरकुर करणारा गडी तिथंच ओळखू येतो.

गुरुवार, रात्री

प्लॉट १७ वहिनी: दोघं आले. पहिला कडेलाच उभा राहिला, म्हणाला टाकी फोडून नवीन करू. दुसऱ्यानं बोअरपासून पावलं मोजली, कुदळीनं हातभर खड्डा घेतला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि अर्धा तास ओट्यावर बसून राहिला. पाणी हललं नाही. म्हणाला, टाकी शाबूत दिसते, बाहेरचा टी तुटलाय. शोषखड्डा पलीकडच्या कोपऱ्यात, माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा. आंघोळीचं पाणी वेगळं काढून केळीला सोडा म्हणाला. खर्च नव्या टाकीच्या निम्म्याहून कमी.

प्लॉट २२ काका: पलीकडचा कोपरा बोअरपासून किती?

प्लॉट १७ वहिनी: सत्तर फूट भरलं. यांनी टेपनं परत मोजलं 😄

प्लॉट ४ भैय्या: वहिनी, त्याचा नंबर मलाही द्या. आमची पण कधी भरत नाही... आता भीती वाटायलीय.

सेक्रेटरी: तुमचा बोअर माझ्या कंपाउंडला लागून आहे भैय्या. उद्याच बोलवा.