वर्षभरात शिकारीला पेटला नाही म्हणून टेरियर काढून टाकायचा?

डेव्हनकर
उंदरांच्या धाग्यावर परवा तात्यांनी फर्मान काढलं: "बारा महिन्यांत ज्या टेरियरने उंदीर धरला नाही, तो सोफ्यावरचा कुत्रा. धीर धरणं म्हणजे मालकाने स्वतःची काढलेली समजूत." खाली माना डोलावणारे बरेच दिसले, म्हणून हे लांबण लावतोय.

बारा महिने हा आकडा आला कुठून? पॅटरडेल टेरियर बरेचदा आठव्या-नवव्या महिन्यात पेटतं. बॉर्डर टेरियर दीड-दोन वर्षं नुसतं नाक जमिनीला लावून हिंडतं, आणि मग एका सकाळी त्याला आवरावं लागतं. दोघांना एकच पट्टी?

दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात. हिरड्या दुखऱ्या असतात, आणि पाव किलोच्या वरचा उंदीर ओठाला लटकला की पिल्लू ते विसरत नाही. पक्के सुळे पुरते वर येईपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, त्याला उंदरापुढे उभंच करू नये. तोवर कामं काय कमी आहेत? हाकेसरशी परत येणं. दहा मीटरच्या दोरीवर मेंढ्या, कोंबड्या आणि फेरेट (बिळात सोडायचा मुंगसासारखा पाळीव प्राणी) यांच्यातून शांत चालणं. काटेरी कुंपणात आपणहून घुसणं. उंदीर बाहेर काढायला बिळात धूर सोडायच्या यंत्राचा आवाज, तोही आधी पन्नास पावलांवरून.

मग पहिले उंदीर. पेंढ्याच्या गंजी हलवताना अर्धवट वाढलेले निघतात, ते. पाइपात कोंडलेला दांडगा नर नव्हे. दहा-पंधरा मिनिटं बास. पिल्लू चार पावलं धावलं, उंदीर निसटला, तरी तिथेच उचलून गाडीत टाकायचं. ते ओरडत असतानाच. कंटाळेपर्यंत ठेवलंत की पुढच्या खेपेला ते कंटाळलेलंच उतरतं.

यॉर्कशायरी_तात्या
सुंदर निबंध. आता मी न बोललेलं माझ्या तोंडी घालू नका. बारा महिने मी उंदरांबद्दल म्हणालो. कोल्ह्याच्या बिळात वर्षाच्या आत कुत्रा घालणारा गाढवच, तिथे सव्वा-दीड वर्षाआधी मीही हो म्हणणार नाही.

पण तुमच्या धीराचा हिशेब कोण भरतं? मंद कुत्रा दोन वर्षं सांभाळायचा, तिसऱ्या वर्षी एकदाचा पेटला की "बघा, सोनं निघालं" म्हणून त्याच्यापासून पिल्लं काढायची. मग ती पिल्लंही तिसऱ्या वर्षी पेटणार. काम करणाऱ्या कुत्र्यांची वंशाची ओळ अशीच बुडते. आणि म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल एक शब्द नाही? चांगल्या जुन्या कुत्रीबरोबर चार वेळा सोडा, ज्याच्यात आहे ते दिसतंच.

डेव्हनकर
जुन्या कुत्रीबरोबर सोडलं की दिसतं ते एवढंच, की जुनी कुत्री चांगली आहे. ती भोकावर उभी, उंदीर तिचाच, पिल्लू शेपटीशी. चार वेळांत ते शिकतं की आपण बघायचं असतं. नाहीतर मेलेल्या उंदरावरून तिच्याशी जुंपतं आणि कान फाटतो. जुनी लागते ती शोधायला. तिने भोक दाखवलं की तिला बांधायचं आणि भोकावर पिल्लू उभं करायचं, एकटं.

ओळीचं म्हणाल, तर ज्याच्या नावाने जॅक रसेल टेरियर ओळखला जातो त्या पार्सन (पाद्री) रसेलने 1819 मध्ये ऑक्सफर्डला असताना दूधवाल्याकडून ट्रम्प ही कुत्री घेतली. त्याला कोल्ह्याला भुंकून बाहेर काढणारा कुत्रा हवा होता, आत मारामारी करणारा नव्हे. सर्वात आधी पेटणारे बरेचदा नको इतके कडक निघतात. बिळात तोंड फोडून घेतात आणि महिनाभर घरी बसतात.

घूस_आणि_मूस
मुंबईतून वाचतोय. इथे पालिकेचे रात्रपाळीचे उंदीर मारणारे काठी आणि बॅटरी घेऊन रात्री तीस उंदरांचा कोटा पुरा करतात. त्यांना ना माज, ना दुधाचे दात. :)
गंभीर प्रश्न: तुमच्या कुत्र्यांना लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) होत नाही? आमच्याकडे पाऊस पडला की पहिली भीती तीच.

गुरांची_डॉक्टर
होतो. म्हणून मूळ धाग्यात राहिलेलं लिहिते. आठव्या आठवड्यापासून लस, दुसरा डोस चार आठवड्यांनी, त्यानंतर निदान तीन आठवडे उंदरांच्या जागी नेऊ नका. मग दरवर्षी. ही लस पार्व्होच्या (कुत्र्यांच्या जुलाबाच्या आजाराच्या) लशीसारखी तीन वर्षं चालत नाही.

आणि "मंद" म्हणण्याआधी कुत्रा तपासा. पांढऱ्या जॅक रसेलमध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो. एकाच कानाने बहिरा असेल तर घरी कळतच नाही, हाकेला येतो. पण पेंढ्याखाली खुसखुस कुठून येते हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून मधेच उभा राहतो. मालक म्हणतो, डोकं नाही. कानांची विद्युत चाचणी होते, ती करून घ्या. कुत्री असेल तर पहिल्या माजाची तारीख लिहून ठेवा. माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांनी खोटी गर्भधारणा आली की ती बूट गोळा करत बसते, उंदीर नाही. त्या महिन्यात परीक्षा घेऊन निकाल लावू नये.

यॉर्कशायरी_तात्या
कानाचं पटलं. लशीचं नाही. डॉक्टरीणबाई चार प्रकारवाली लस गळ्यात मारणार हे आलंच ओघाने. उंदराचा लेप्टो म्हणजे इक्टेरोहेमोरेजिये, तो जुन्या दोन प्रकारवाल्या लशीत आहेच. बाकी दोन कशाला? झटके येणाऱ्या पिल्लांबद्दल लोक लिहितात ते खोटं?

गुरांची_डॉक्टर
"डॉक्टरीणबाई" नको, डॉक्टर पुरे. वाढीव दोन म्हणजे ग्रिपोटायफोसा आणि ऑस्ट्रेलिस. पहिला शेतातल्या लहान मूषकांतून येतो, दुसऱ्यातला ब्राटिस्लाव्हा डुकरांत आणि हेजहॉगमध्ये (कुंपणात राहणारा लहान काटेरी प्राणी) असतो. तुम्ही उंदरांना कुत्रे सोडता कुठे? डुकरांच्या गोठ्यात आणि कुंपणात. मग?
तक्रारींचं म्हणाल, तर ब्रिटिश औषध नियामकांनी दिलेले आकडे असे: विकलेल्या दर 10,000 डोसमागे चारवालीच्या 7 पेक्षा कमी, दोनवालीच्या 2 पेक्षा कमी. जास्त आहेत, हे लपवत नाही. पण त्या "तक्रारी" आहेत, मृत्यू नव्हेत.

यॉर्कशायरी_तात्या
म्हणजे तिपटीहून जास्त. धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत.

गुरांची_डॉक्टर
दोनाचे सात झाले हे दिसलं, दहा हजार दिसले नाहीत. लेप्टोने मूत्रपिंडं गेलेल्या कुत्र्याचं सलाइन लावून काय होतं ते आकड्यात येत नाही, एवढंच. मेलेले उंदीर हातमोज्यांशिवाय उचलणाऱ्यांनी तर लशीवर बोलूच नये. माणसाला कुठली लस देताय?

घूस_आणि_मूस
मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

कारवानवाला_जत
टेरियर सोडून बोलायचं तर कारवान पिल्लू नजरेने पळतं, हललेलं दिसलं की झालं, शिकवायचं काय? मंदपणाचा प्रश्नच नाही. अर्थात सशामागे सोडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हल्ली पळवायचं ते चिंधीमागेच.

डेव्हनकर
नेमका तोच फरक. टेरियरचं काम नाकाचं आणि अंधारातलं, दिसत काही नाही. म्हणून उशीर.
लेप्टोवाल्यांनो, त्याहून आधी मारणारी गोष्ट राहिली. मंद पिल्लाला "सोपा" उंदीर मिळावा म्हणून लोक डुलणाऱ्या, भर दुपारी उघड्यावर बसलेल्या उंदरावर सोडतात. तो बहुतेक रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला असतो. विषाची गोळी पोटात गेलेली असो की विष खाल्लेला उंदीर खाल्लेला, लक्षणं तीन ते पाच दिवसांनी: हिरड्या पांढऱ्या, धाप, मलूलपणा. उपाय व्हिटॅमिन के-1, तेही तीन-चार आठवडे, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी. फार्मवर पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा, आमिषाच्या पेट्या शेवटच्या कधी भरल्या. "आठवत नाही" म्हणाला तर परत फिरा.

यॉर्कशायरी_तात्या
हे सोळा आणे खरं. माझ्याकडून एवढंच मिळेल, जपून ठेवा.
बरं, बारा नको. उंदरांना अठरा महिने, बॉर्डरला चोवीस. पण मंद निघालेल्यापासून पिल्लं काढायची नाहीत, मग तो पुढे कितीही पेटो. आणि त्या अठरा महिन्यांत आठवड्यातून दोनदा कुंपणावर न्यायचं. नुसता घरी ठेवून "धीर धरतोय" म्हणणाऱ्याला मी मालक म्हणत नाही.

डेव्हनकर
माझ्या पहिल्या पोस्टमध्ये दुसरं काय लिहिलं होतं?

यॉर्कशायरी_तात्या
तिथे दोरी दहा मीटर लिहिली होती. कुंपणात दहा मीटर अडकते, गाठ बसते, पिल्लू फासावर. पाच घ्या, टोकाला मूठ नको.