हेल्मेटसक्ती: डोकं माझं, मग सक्ती सरकारची का?

सदाशिव पेठकर (धागाकर्ता):
मी हेल्मेट घालतो, घरच्यांनाही घालायला लावतो. तरी सज्ञान माणसाला दंडाचा धाक दाखवून ते घालायला लावणं मला मान्य नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तरच सरकारनं बळ वापरावं, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ साली मांडलं. त्याचंच उदाहरण: मोडकळीला आलेल्या पुलावर कुणी निघाला तर अडवून धोका सांगा, धोका कळूनही त्याला जायचं असेल, तर जाऊ द्या. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणणारं सरकार कुठवर येतं, हे पुण्यानं १८९७ च्या प्लेगात पाहिलंय. रोगी शोधायला गोरे सोजीर थेट देवघरात शिरले होते.

हडपसरची:
प्लेगचा दाखला इथे चालणार नाही, दादा. प्लेग एकाचा दुसऱ्याला होतो, म्हणजे मिलच्याच कसोटीवर सरकारला तिथे हात घालायचा हक्क होता. संताप होता तो झडतीच्या रीतीबद्दल.
आणि 'माझं डोकं' म्हणजे काय? मी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. पडतो एक, पण त्याच्या बायकोची नोकरी सुटते, मुलीचं कॉलेज थांबतं, म्हातारी आई रात्र रात्र पॅसेजमध्ये बसून असते. हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. एवढं हाताशी असताना 'त्याची मर्जी' म्हणून गप्प बसायला मला जमत नाही.

कोथरूडकर:
ताईंना अनुमोदन. शिवाय सरकारी रुग्णालयातला खर्च आपण सगळेच भरतो.

सदाशिव पेठकर:
@कोथरूडकर, हाच न्याय लावला तर तंबाखू, वडापाव, रात्रीची जागरणं, सगळंच सरकारच्या ताब्यात जाईल. उपचाराचा खर्च सरकार करतं म्हणून माझा देह सरकारचा होत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. स्वतःच्या देहाबद्दलचे निर्णय त्यातच येतात, असं मी समजतो.
@हडपसरची, प्लेगबाबत तुमचा मुद्दा बरोबर आहे. मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा घेऊ. मुलीशी शरीरसंबंधासाठी संमतीचं किमान वय दहावरून बारा झालं. टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. मी आगरकरांच्या बाजूचा, कारण तिथे एका मुलीचं रक्षण दुसऱ्यापासून करायचं होतं. तसंच गाडीवर मागे बसलेल्या लेकराला सक्ती करा, माझी हरकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागू केलंय, ते लहानांपुरतं योग्यच आहे. सज्ञान चालकाला मात्र समजावा, दंड नको.

हडपसरची:
समजावून झालंय. हेल्मेटसक्तीचं कलम १२९ हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं आहे, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. पुलावरचा तुमचा माणूस धोका ओळखून, विचार करून निघालेला असतो. आमच्याकडे येणारा 'इथेच तर जायचंय' म्हणून निघालेला असतो. त्याला तुम्ही निर्णय म्हणता?

सदाशिव पेठकर:
हो, म्हणतो. घाईत घेतलेलाही निर्णय त्याचाच. तो नीट घेतला की नाही हे सरकार तपासू लागलं, तर मतदानाचा हक्क तरी कशाच्या आधारावर टिकेल?