मदत हवी आहे : भावाचा ऑनलाइन जुगार (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. मी आणि धाकटा भाऊ लेस्टरला एकत्र राहतो. ऑनलाइन कसिनोत त्याची सगळी पुंजी गेली. मार्चमध्ये माझ्यासमोर बसून त्याने गॅमस्टॉपवर (ऑनलाइन जुगारापासून स्वतःला लांब ठेवण्याच्या यादीत) नाव घातलं, सरळ 5 वर्षांसाठी. 2020 पासून ब्रिटनमधल्या प्रत्येक परवानाधारक ऑनलाइन कंपनीला ही यादी पाळावीच लागते, आणि मुदतीआधी नाव काढता येत नाही. मला हायसं वाटलं होतं.

परवा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर हा स्वयंपाकघरात अंधारात उभा, फोनचा उजेड तोंडावर. परदेशातली, इथला परवाना नसलेली साइट. तिथे गॅमस्टॉप चालतच नाही. थेट सामन्यांच्या वेळी रात्री 9 आधी टीव्हीवर सट्ट्याच्या जाहिराती नकोत, हे 2019 पासून कंपन्यांनी आपणहून पाळायला घेतलं, चांगलंच केलं. पण हातातल्या फोनचं काय?

बँकेच्या ॲपमधून त्याचे जुगाराचे व्यवहार आम्ही आज बंद करतोय. क्रिप्टोने पैसे भरले तर ते अडतात का? फोनवर गॅमबॅन (जुगाराच्या साइट अडवणारं ॲप) कुणी वापरलंय? मराठीत बोलणारे समुपदेशक माहीत असतील तर कृपया मेसेज करा. आईला अजून काही सांगितलेलं नाही.