पित्ताशय काढलं तरी पित्त बनतंच
"पित्ताशय काढल्यावर पित्तच बनत नाही, म्हणून तूप-तेल जन्मभर बंद" असं कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. पित्त बनतं यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. मावतं जेमतेम ३० ते ५० मिली, तेही पाणी शोषून दाट केलेलं. तुपाचा घास लहान आतड्यात उतरला की ती आकसते आणि साठा सोडते. पिशवी गेली की पित्त थेंबथेंब येत राहतं, एवढंच.

आईला ऑपरेशननंतर दोनेक महिने तळलेलं खाल्लं की धावत जावं लागायचं. (पित्ताशयातून काढलेले, बाटलीतले खडे मात्र पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची!) आता पुरणपोळीवर तूप घेते, फक्त दुसरी पोळी दोन तासांनी.