ट्रॅक डे आणि ऊन: 'झेपत नसेल तर फोटो काढा' म्हणणाऱ्यांना उत्तर

तिसरा_गिअर

आमच्या रायडिंग ग्रुपवर परवा एका ज्येष्ठांची पोस्ट फिरत होती. आशय असा: ट्रॅक डेला (फी भरून शर्यतीच्या ट्रॅकवर ठरावीक वेळेच्या सेशन्समध्ये आपली गाडी पळवायचा दिवस) उन्हाची रडगाणी गाणारे मुळात रायडरच नाहीत. सकाळपासून चार लिटर पाणी ढोसा, दोन केळी खा, लेदर (चामड्याचा रेसिंग सूट) चढवा आणि तोंड बंद ठेवा. ज्यांना झेपत नाही त्यांनी पॅडकमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या ठेवतात तिथे) फोटो काढत बसावं. खाली बदामांचा पाऊस. तिथे बोललो तर ग्रुपबाहेर काढतील, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी (मोटरसायकलींची जागतिक अजिंक्यपद शर्यत) झाली तेव्हा मुख्य शर्यत २४ लॅप्सची होती. ती २१ केली, कारण ऊन. जगातले सगळ्यात तंदुरुस्त रायडर, आणि त्यांच्यासाठी कमी केली. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शेवटी डिहायड्रेशनने पार गळाला होता. तेही सप्टेंबरात. आपण वर्षभर एसीत कोड लिहिणार, पोट लेदरच्या झिपला आव्हान देणार, आणि मे महिन्यात दुपारी दोनच्या सेशनला 'मर्द हो' म्हणणार.

दुसरं म्हणजे, गाडी पळत असताना तेवढं उकडत नाहीच. सूटला भोकं असतात, सरळ पट्टीवर हवा मिळते. माणूस भाजतो तो प्री-ग्रिडला, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या रांगेत. आधीच्या सेशनमध्ये कोणीतरी पडतो, रेड फ्लॅग (म्हणजे सगळं थांबलं), सांडलेलं तेल साफ करायचं, आणि तोवर आपण हेल्मेट-ग्लोव्हजसकट रांगेत उभे. समोरच्याच्या गाडीचं तापलेलं एक्झॉस्ट, आपल्या रेडिएटरचा पंखा मांड्यांवर, डोक्यावर सावली शून्य. हे आयोजकाच्या वेळापत्रकाचं पाप आहे. त्यावर 'पाणी प्या' हे उत्तर कसं होऊ शकतं?

माझं म्हणणं एवढंच: उजाडताच सुरू करा, अकरा ते साडेतीन बंद ठेवा, प्री-ग्रिडला मांडव घाला, ट्रॅक मोकळा झाल्याशिवाय कोणाला हेल्मेट घालायला लावू नका. मांडवाला किती खर्च येतो? लग्नात घालतोच की.

नवखा_आर१५

छान धागा. माझा पहिलाच ट्रॅक डे आहे पुढच्या महिन्यात. मागच्या टायरचं प्रेशर किती ठेवू?

कोथरूड_कॉर्नर

मांडव मान्य. पण अकरा ते साडेतीन बंद? म्हणजे दिवसाचा मधला भागच कापला. पुण्याहून हजार-बाराशे किलोमीटर टेम्पोत गाडी न्यायची, ड्रायव्हरचा भत्ता, लॉज, ऑफिसात खोटी सर्दी, वर फी परत न मिळणारी. एवढं करून मी दुपारी झोपा काढू? मला माझी सगळी सेशन्स हवीत. ज्याला नको त्याने सोडावं.

आणि मुळात हे सगळं का? चाकणला केटीएम बनतात, आणि पळवायला आम्ही चेन्नई-कोइम्बतूर नाहीतर थेट ग्रेटर नोएडा. वाहन उद्योगाचं माहेरघर म्हणे! माहेरी पोरीला पळायला अंगण नाही.

तिसरा_गिअर

तळेगावजवळ नानोलीचा ट्रॅक आहे की.

कोथरूड_कॉर्नर

जातोच तिथे. पण मला किलोमीटरभराची सरळ पट्टी हवी. असो, वेगळा धागा काढतो.

सावजी_३९०

काहून रडता बे ३८ ले? चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात ४५ म्हणजे रोजचं. पोट्टे त्या उन्हात क्रिकेट खेळतात. डोक्याले दुपट्टा गुंडाळा, ताक पिऊन निघा, खिशात कांदा ठेवा. पुणेकरांले ३५ झालं की बातमी होते.

भूलतज्ज्ञ

सावजीसाहेब, नागपूरचे ४५ आणि चेन्नईचे ३५ यांची अशी तुलना होत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता गळून नाही. ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याच्या तापमापकाचा आकडा (घाम वाळून अंग कितपत थंड होऊ शकेल त्याचा अंदाज) साधारण २४ येतो. ३५ अंश आणि ६५ टक्के असेल तर तोच २९ च्या वर जातो. दुसऱ्या ठिकाणी माणूस आधी पडेल, कपाळावर विदर्भाचा शिक्का असला तरी. तुमच्याकडे कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारणही हेच.

आणि कांदा खिशात ठेवून काहीही होत नाही. खा, ठेवू नका.

सावजी_३९०

डॉक्टर, माझी आजी ८८ वर्षं जगली. पऱ्हाटीच्या वावरात, भर उन्हात, पदराले कांदा बांधून. तिले ऊन लागलं नाई. तुमचा ओला फडका तिले दाखवला असता तर तिनं त्यानं भांडी पुसली असती.

दुसरी गोष्ट. तुम्ही हवेची आर्द्रता सांगून रायले. लेदरच्या आत कोणती हवा? बंद चामड्यात घाम साचला की नागपूर काय अन् चेन्नई काय, आत सगळीकडे चेन्नईच. म्हणून आम्ही टेक्स्टाइल जाळीचं जॅकेट घालतो.

कोथरूड_कॉर्नर

जाळीचं जॅकेट घालून ट्रॅकवर कोण घेतं? लेदरचा वन पीस किंवा झिपने जोडलेला टू पीस, नाहीतर स्क्रुटिनीतच (आधीच्या तपासणीत) परत पाठवतात. आणि १४० ला पडलात की जाळी डांबरावर राहील आणि कातडीही.

भूलतज्ज्ञ

सूटच्या आतल्या दमटपणाचा मुद्दा बरोबर आहे. अनिच्छेने का होईना, मान्य. म्हणूनच ती पाण्यात भिजवून घालायची कूलिंग वेस्ट भोकं नसलेल्या लेदरखाली काही कामाची नाही. हवा फिरली तर ती थंड होणार. त्यापेक्षा सेशन संपलं की सूट कमरेपर्यंत उतरवा, दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्याच्या बादलीत, मानेवर बर्फाचा ओला पंचा.

आजींबद्दलही अर्धं मान्य. त्या टिकल्या ते सवयीने. रोज उन्हात काम केलं की आठवडा-दोन आठवड्यांत शरीर बदलतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. हे श्रेय आजींच्या शरीराचं आहे, कांद्याचं नाही.

सावजी_३९०

म्हणजे आजी बरोबर, कांदा चूक? दोघं एकाच पदरात होते, डॉक्टर.

मीठभाकर

मी मोटरसायकल चालवत नाही, नवरा चालवतो, म्हणून वाचतेय. हौसेने हजारो रुपये भरून भाजून घ्यायचं आणि मग मांडव मागायचा! आमच्या सोसायटीत दुपारी अडीचला पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला वॉचमन लिफ्ट वापरू देत नाही. त्याच्या प्री-ग्रिडचं कोणी बोललं नाही अजून.

आणि ते '३८ ले काय रडता' वाचून राहवलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात १४ माणसं उष्माघाताने गेली. पारा ३८ च्याच आसपास होता. ती पळत नव्हती, लेदरमध्ये नव्हती, नुसती बसली होती. मैदानात, सावलीशिवाय.

सावजी_३९०

ताई, ते वाक्य मागे घेतो. खारघर आठवलं नव्हतं.

कांदा मागे घेत नाई.

राजदूत३५०

धागाकर्त्याने ज्या 'ज्येष्ठां'ची पोस्ट न विचारता इथे आणली तो मीच. समोर बोलायची हिंमत नव्हती का? आम्ही ऐंशीच्या दशकात चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर गाड्या पळवल्या. कूलिंग वेस्ट नाही, इलेक्ट्रॉल नाही, मांडव तर नाहीच. घट्ट हेल्मेट, जाड चामडं आणि टू-स्ट्रोकचा धूर. कोण मेलं उन्हाने? तुमच्या पिढीला गाडीबरोबर आईपण लागते.

तिसरा_गिअर

काका, शोलावरमबद्दल आदर आहे, पण तिथल्या मोठ्या शर्यती जानेवारी-फेब्रुवारीत व्हायच्या. मेमध्ये अग्नि नक्षत्र (तमिळनाडूतला कडक उन्हाचा काळ) चालू असताना नाही. तुमच्या आयोजकांनीच ऊन टाळलं होतं, आणि तुम्ही त्याचं श्रेय छातीला देताय.

'कोण मेलं' विचारलंत म्हणून सांगतो. दक्षिणेत एका ट्रॅक डेला माझा मित्र जेवणानंतरच्या सेशनमधून आत आला आणि दुसऱ्याच्याच गाडीच्या स्टँडवर गाडी लावायला लागला. सगळे हसले. मीही. मग तो ग्लोव्हज काढेना, विचारलं की 'काय रे' एवढंच म्हणे. अंग घामाने थबथबलेलं, म्हणून कोणाला उष्माघात वाटलाच नाही. रुग्णवाहिका होती, स्ट्रेचर होतं, मानेचा पट्टा होता, बर्फ नव्हता. शेवटी शीतपेयवाल्याची पेटी त्याच्यावर उपडी केली. वाचला. त्याने सकाळपासून तुमचं ते चार लिटर पाणी इमानेइतबारे प्यायलं होतं.

भूलतज्ज्ञ

यातले दोन मुद्दे ठळक करतो, कारण यात लोक जातात.

'घाम थांबला की उष्माघात' हे डोक्यातून काढा. अंगमेहनतीतल्या उष्माघातात घामाच्या धारा चालू असू शकतात. बघायचं ते डोकं: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडचिड, चुकीची गाडी. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. आधी जागेवर थंड करा, मग हॉस्पिटल. लहान मुलांची फुगवायची टाकी पाण्या-बर्फाने भरून ठेवली तर रुग्णवाहिकेपेक्षा आधी उपयोगी पडेल.

आणि चार लिटर *नुसतं* पाणी हा सल्ला धोक्याचा आहे. घामातून मीठ जातं. वर भराभर साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम घसरतं. डोकेदुखी, उलटी, भ्रम. दिसायला उन्हासारखंच, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव आवडत नसेल तर मीठ घातलेलं ताक, पन्हं. यात सावजी बरोबर आहेत. कोकम सरबतही चालेल, फक्त त्यात मीठ असू द्या.

राजदूत३५०

महिना बरोबर काढलास, पोरा. जानेवारी-फेब्रुवारीच. अभ्यास चांगला आहे, गाडी कशी चालवतोस देव जाणे.

मित्राचं ऐकून वाईट वाटलं. पण लेदर घालून रांगेत उभं राहणं हा गाढवपणा आहे हे मी कधीपासून सांगतोय. पोस्टमध्ये लिहायचं राहिलं.

तिसरा_गिअर

पोस्टमध्ये बरोबर उलटं लिहिलंय. 'लेदर चढवा आणि तोंड बंद ठेवा.' दुरुस्त करा, शेकडो लोक वाचतायत.

राजदूत३५०

दुरुस्त होणार नाही. खाली मिठाची एक ओळ घालतो. डॉक्टरांच्या नावाने, तुझ्या नाही.

कोथरूड_कॉर्नर

सगळे एकमेकांना मान्य करत सुटलेत म्हणून आठवण करून देतो: दुपार बंद करायला माझा विरोध कायम आहे. सेशन वीसऐवजी बारा मिनिटांचं करा, संख्या तीच ठेवा. बर्फाची टाकी मी आणतो. फीमध्ये वाढ केलेली चालणार नाही.

मीठभाकर

वा! टाकी तुमची, आणि बर्फ वाहून आणणार तो पार्सलवालाच.

सावजी_३९०

टाकीत दोन कांदे टाकजा.

नवखा_आर१५

टायर प्रेशरचं कोणी सांगेल का?

राजदूत३५०

एवढ्या गोंधळात कामाचा प्रश्न या एकट्याने विचारला. आकडा तुझ्या टायरवर अवलंबून आहे. ट्रॅकवर टायरवाला असतो, त्याला गरम प्रेशर किती ते विचार आणि बाहेर आल्या आल्या, टायर गार व्हायच्या आत मोज. सकाळी सातला लावलेलं प्रेशर दुपारी डांबर तापल्यावर वर जाणार, मागचं चाक घसरायला लागेल आणि तुला वाटेल आपलंच चुकतंय. प्रत्येक सेशननंतर बघ. गेज स्वतःचा ने, उसना घेऊ नकोस.